गोळ्यांचा हिशेब कुणाकडेच नव्हता : आइस हॉकीतल्या एका खेळाडूचं प्रकरण

प्रशिक्षक आणि फिजिओंच्या शिबिरांत मी हे प्रकरण गेली काही वर्षं मांडतो आहे. खेळाडूचं नाव मुद्दाम घेत नाही. अमेरिका-कॅनडातली हॉकी पाहणारे ते चटकन ओळखतील, कारण यातलं बहुतेक सगळं वर्तमानपत्रांत आणि न्यायालयाच्या कागदांत आलेलं आहे. पण नाव आलं की चर्चा त्या माणसाच्या स्वभावावर घसरते. मला बोलायचं आहे ते त्याच्याभोवतीच्या माणसांनी घेतलेल्या निर्णयांबद्दल. शिबिरात आम्ही त्याला 'थोरला' म्हणतो. एकत्र वाढलेल्या चार भावंडांत तो मोठा होता, आणि अंगानंही.

पार्श्वभूमी

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आणि हिरवं मैदान आठवतं. ही हॉकी बर्फावरची. आपल्याकडे ती लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर खेळतात. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात ती गावागावांत रुजलेली आहे. टोरांटो किंवा मिनियापोलिसला स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही आता पहाटे स्केट्स घेऊन रिंकवर जातात, म्हणून हा विषय आपल्याला वाटतो तितका परका राहिलेला नाही. तिथली सगळ्यात मोठी व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग, एनएचएल. या प्रकरणाच्या काळात एका सीझनमध्ये प्रत्येक संघाचे 82 सामने होत.

या लीगच्या नियमपुस्तकात मारामारीला जागा आहे. ऑलिंपिकमध्ये हाणामारी केली तर खेळाडू सामन्याबाहेर जातो. एनएचएलमध्ये त्याला पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवतात आणि मग तो पुन्हा बर्फावर येतो. भांडण उकरून काढणाऱ्याला 1992 पासून जास्तीची शिक्षा आहे, पण दोघंही राजीखुशीनं भिडले तर तिचा प्रश्न सहसा येत नाही. यातून संघांमध्ये एक वेगळीच नोकरी तयार झाली. तिला म्हणतात 'एन्फोर्सर'. आपल्या गोल करणाऱ्या खेळाडूला कुणी त्रास दिला तर त्याचा जाब विचारायचा, आणि बहुतेक वेळा समोरच्या संघानं त्याच कामासाठी ठेवलेल्या माणसाशी दोन हात करायचे. या खेळातला सगळ्यात गाजलेला गोल करणारा वेन ग्रेट्झकी एडमंटनच्या संघात होता तेव्हा त्याच्या पाठीशी डेव्ह सेमेंको असायचा. ग्रेट्झकीला हात लावायचा तर आधी सेमेंकोचा विचार करावा लागे.

ही मारामारी जवळून कशी दिसते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोघं हातमोजे बर्फावर टाकतात. लाइन्समन, म्हणजे सहायक पंच, बाजूला सरकतात. बर्फावर पाय रोवता येत नाही, म्हणून डाव्या हातानं समोरच्याची जर्सी खांद्यापाशी मुठीत धरायची, त्याच पकडीवर तोल सांभाळायचा आणि उजव्या हातानं ठोसे मारायचे. जर्सी डोक्यावरून ओढून समोरच्याला आंधळं करता येऊ नये म्हणून ती मागून पँटला पट्ट्यानं बांधलेली असते. उघडी मूठ कधी गालावर लागते, कधी हेल्मेटवर, कधी दातांवर. बोटांच्या सांध्यांवरची कातडी फाटते, जखम भरायच्या आत पुढचा सामना येतो आणि ती परत उघडते. कुणीतरी खाली पडलं की लाइन्समन मध्ये शिरतात. सगळं मिनिटभराच्या आत संपतं. तेवढा वेळ स्टेडियममध्ये एकही माणूस खुर्चीवर बसलेला नसतो.

थोरला 1982 मध्ये कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात जन्मला. वडील कॅनडाच्या माउंटेड पोलिस दलात. बदलीची नोकरी, दर काही वर्षांनी नवं गाव आणि नवी शाळा. मुलगा वयाच्या मानानं फारच उंच, त्यामुळे शाळेत चिडवणं ठरलेलं. स्केटिंगमध्ये तो इतरांच्या मागे पडायचा. पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका सामन्यात त्याचं डोकं फिरलं आणि तो एकटाच समोरच्या संघाच्या बाकांवर चालून गेला. त्या दिवशी ज्युनियर लीगचे स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे, प्रेक्षकांत बसले होते. त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं.

इथे मी पहिल्यांदा थांबतो. त्या मुलाच्या रागाची चौकशी करायला हवी होती, आणि तिथेच त्याची निवड झाली. त्याला मिळालेला संदेश स्पष्ट होता: तुझं स्केटिंग तुला वर नेणार नाही, हे नेईल.

2001 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात त्या निवडीत, मिनेसोटाच्या संघानं त्याला सातव्या फेरीत, 202 व्या क्रमांकावर घेतलं. खालच्या लीगमधून वर चढत 2005 मध्ये तो एनएचएलमध्ये आला. उंची साडेसहा फुटांच्या वर, वजन 120 किलोच्या आसपास. पुढच्या सहा सीझनमध्ये तो 277 सामने खेळला. त्यात तीन गोल आणि साठहून जास्त मारामाऱ्या. 2006 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या एका ठोशानं समोरच्या खेळाडूच्या चेहऱ्याचं हाड मोडलं. ते टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडावं लागलं. त्यानंतर त्याच्याशी भिडायला फारसं कुणी तयार होईना, आणि संघाच्या हिशेबानं हेच त्याचं यश होतं. मिनेसोटात त्याच्या नावाच्या जर्सी भराभर खपायच्या. ओळखणारे सांगतात की बर्फाबाहेर तो मऊ स्वभावाचा होता, एकटं राहणं त्याला सोसायचं नाही.

नेमकी अडचण काय होती

दुखण्यांची यादी मोठी होती. हात, नाक, पाठ, खांदा. पाठीचं ऑपरेशन झालं, 2009 मध्ये खांद्याचं झालं. प्रत्येक दुखण्याबरोबर ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन यांसारख्या अफूच्या कुळातल्या वेदनाशामक गोळ्या आल्या, आणि झोपेसाठी वेगळ्या गोळ्या.

ऑक्टोबर 2008 ते एप्रिल 2009 या सहा महिन्यांत त्याला किमान 25 प्रिस्क्रिप्शन मिळाली. एकूण 622 गोळ्या. लिहून देणारे डॉक्टर दहा, त्यांतले आठ त्याच्याच संघाशी जोडलेले. हा हिशेब त्या वेळी कुणीही मांडलेला नव्हता. तो मांडला वडिलांनी, मुलगा गेल्यानंतर. पोलिस अधिकाऱ्याच्या सवयीनं त्यांनी औषधांच्या नोंदी, फोनची बिलं, मेसेजेस असं सगळं गोळा केलं आणि तारखेवार लावलं. बाप आपल्याच मुलाच्या मृत्यूचा तपास करत होता. शिबिरात हे सांगताना माझा आवाज आजही नीट राहत नाही.

दहा डॉक्टरांपैकी प्रत्येकाकडे स्वतःपुरतं कारण होतं. दात पडला, खांदा निखळला, पाठ धरली, झोप नाही. एकेक चिठ्ठी पाहिली तर कदाचित एकही चुकीची वाटणार नाही. चुकीची होती ती बेरीज, आणि बेरीज करायचं काम कुणाचंच नव्हतं.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. ती कुठल्याच फाइलमध्ये नाही. या कामात सगळ्यात जीवघेणी असते ती वाट पाहणं. वेळापत्रक आधीच हातात असतं. मंगळवारी कुठल्या शहरात जायचं आणि तिथे समोर कोण असणार, हे एन्फोर्सरला चार दिवस आधी माहीत असतं. जॉर्ज लारॉकसारख्या नावाजलेल्या एन्फोर्सरनं निवृत्तीनंतर उघडपणे सांगितलं की त्याला मारामारी मनापासून नकोशी होती आणि सामन्याच्या दिवशीचं दडपण त्याला खाऊन टाकायचं. बर्फावर पाच-सहा मिनिटं मिळणार, त्यात एकदा हातमोजे पडणार. हरलो तर पुढच्या आठवड्यात खालच्या लीगमधून दुसरा कुणी आणतील. अशा रात्री झोप लागेल कशी? झोपेच्या गोळीची चिठ्ठी लिहिताना 'झोप का येत नाही' हा प्रश्न कुणी खोलात जाऊन विचारला असता, तर उत्तर नोकरीपाशीच जाऊन थांबलं असतं. मग संघाच्या डॉक्टरनं संघाला काय सांगायचं होतं?

सप्टेंबर 2009 : पहिलं वळण

2009 च्या उन्हाळ्यात व्यसन लपेनासं झालं. सीझन सुरू व्हायच्या तोंडावर, सप्टेंबरमध्ये, त्याला कॅलिफोर्नियातल्या व्यसनमुक्ती केंद्रात पाठवण्यात आलं. यासाठी लीग आणि खेळाडूंच्या संघटनेनं मिळून 1996 पासून एक कार्यक्रम चालवलेला आहे. त्याचे चार टप्पे आहेत. पहिल्या वेळी उपचार घेणाऱ्याला शिक्षा नाही आणि पगारही चालू राहतो. नियम मोडला की दुसऱ्या टप्प्यात पगार थांबतो, तिसऱ्यात किमान सहा महिन्यांचं निलंबन, चौथ्यात वर्षाचं. कागदावर ही रचना चांगली आहे. पहिल्यांदा मदत मागणाऱ्याच्या पोटावर पाय न देणारी.

त्या वेळी संघापुढे आणि त्याच्यापुढे कुठले पर्याय होते?

एक, काही आठवडे उपचार आणि मग त्याच कामावर परत. दोन, पूर्ण सीझन विश्रांती: खांदा, झोप, व्यसन, सगळ्यालाच वेळ. तीन, संघात ठेवायचं, पण मारामारी त्याच्या कामातून काढायची. चौथा पर्याय, हा खेळच सोडणं. सत्तावीस वर्षांच्या माणसाला, ज्याला दुसरं काहीच शिकवलेलं नाही, हे सुचवणार कोण?

तिसरा पर्याय शिबिरात मी मांडला की लोक मान डोलावतात, पण तो खरा किती होता याचा विचार करायला हवा. मारामारी काढली तर त्याच्याकडे उरत काय होतं? शेवटचा गोल करून तेव्हा साडेतीन वर्षं होऊन गेली होती. जो गुण त्याला पगार देत होता तोच त्याला आजारी करत होता. त्याच्यावर उपचार करणाऱ्या माणसांचा पगारही त्याच संघातून येत होता. मला या प्रकरणातली मूळ गाठ इथे दिसते.

दुसरा पर्याय मात्र खरोखर हाताशी होता. पैशांची अडचण नव्हती, नियमांची नव्हती. अडचण होती ती लोकांना काय सांगायचं याची.

प्रत्यक्षात काय केलं

पहिला पर्याय निवडला गेला. बाहेर सांगितलं गेलं की डोक्याला मार बसल्यामुळे तो खेळत नाहीये. सीझनचे सुरुवातीचे काही सामने हुकले आणि तो परत आला.

हे जे सांगितलं गेलं त्याबद्दल थोडं लिहितो. खेळाडूची खासगी गोष्ट झाकायला हवी होती यात वाद नाही. 'वैयक्तिक कारणासाठी रजा' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोटं कारण दिल्यामुळे दोन गोष्टी झाल्या. ड्रेसिंग रूममध्ये ज्या सहकाऱ्यांनी त्याच्याकडे लक्ष ठेवलं असतं, त्यांना काय पाहायचं तेच कळलं नाही. आणि डोक्याचा मार ही ज्या माणसाची खरी अडचण होती, त्याच्या बाबतीत तीच सबब म्हणून वापरली गेली.

2010 च्या जुलैमध्ये मिनेसोटाचा करार संपला आणि न्यू यॉर्कच्या संघानं त्याला चार वर्षांसाठी 65 लाख डॉलर देऊन घेतलं. एन्फोर्सरसाठी ही रक्कम मोठी होती. नव्या शहरात नवे डॉक्टर आले, तोंड-ओळख नसलेले सहकारी आले आणि रात्री परतायला मॅनहॅटनमधलं उंचावरचं एक रिकामं घर. आधीच्या उपचारांची सगळी माहिती नव्या माणसांपर्यंत कशी आणि किती पोहोचली, याच मुद्द्यावर पुढे न्यायालयात वाद झाला. कुटुंबाचं म्हणणं असं होतं की कार्यक्रमात असतानाही त्याला गोळ्या मिळत राहिल्या आणि नियम मोडल्यावर जी कारवाई व्हायला हवी होती ती झाली नाही.

नोव्हेंबरमध्ये त्यानं एक गोल केला. जवळपास पाच वर्षांनंतरचा. सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं, आणि या खेपेला ते मारामारीसाठी नव्हतं. त्यानंतर बरोबर महिन्यानं, 9 डिसेंबर 2010 ला, ओटावामधल्या सामन्यात त्याची शेवटची मारामारी झाली. चेहऱ्यावर ठोसा बसला, तो खाली पडला, खांदाही दुखावला. त्यानंतर तो कधीच खेळला नाही.

पुढचे महिने घरात पडदे ओढून गेले. उजेड सोसेना, घरात गॉगल. डोकेदुखी. विसरभोळेपणा वाढला. रात्री-अपरात्री ओळखीच्या माणसांना मेसेज, एकामागून एक. शनिवार-रविवारी मित्र किंवा भाऊ आले तर तेवढा आधार. जखमी खेळाडू संघाबरोबर प्रवास करत नाही, त्यामुळे ज्या गोतावळ्यावर तो जगत होता तोच तुटला. आपल्याकडे कबड्डीपटूचा गुडघा गेला की तो गावी जाऊन पडतो, आणि दोन महिन्यांनी संघाच्या ग्रुपवर त्याचं नावही कुणी काढत नाही. अगदी तसंच.

याच काळात एका डॉक्टरनं त्याला विचारलं, डोक्यात ठोसा बसून डोळ्यांपुढे अंधारी आली, सावरायला क्षणभर थांबावं लागलं, असं आजवर किती वेळा झालं असेल? चार-पाच वेळा? तो हसला. शेकडो वेळा, असं त्याचं उत्तर होतं.

फायलींमध्ये त्याची नोंदवलेली कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला बसलेले हादरे, मोजकी होती. 'कन्कशन किती झाली' असं विचारलं की खेळाडू डॉक्टरांनी लिहिलेला आकडा सांगतो. 'अंधारी किती वेळा आली' असं विचारलं की तो स्वतःच्या अंगाला विचारून सांगतो. प्रश्नाचे शब्द बदलले आणि पाचाचे शेकडो झाले. फिजिओंनी या एका जागेवर बराच वेळ थांबावं, असं मी प्रत्येक वेळी आग्रहानं सांगतो.

एप्रिल 2011 मध्ये त्याला पुन्हा कॅलिफोर्नियातल्या केंद्रात पाठवलं गेलं. मे महिन्यात काही दिवस बाहेर जायची परवानगी मिळाली आणि तो मिनियापोलिसला आपल्या घरी, धाकट्या भावाकडे आला. मित्रांबरोबर बाहेर गेला. दारू आणि ऑक्सिकोडोन एकत्र आली. 13 मे 2011 ला घरच्यांना तो बिछान्यात मृतावस्थेत सापडला. वय 28. मृत्यू अपघाती ठरवला गेला.

पुढे काय झालं

कुटुंबानं त्याचा मेंदू बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांकडे दिला. तपासणीत सीटीई सापडला. डोक्याला वारंवार मार बसल्यानं मेंदूत टाउ नावाचं प्रथिन साचत जातं आणि मेंदू झिजत जातो, असा हा आजार. पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी झीज इतकी पुढे गेलेली पाहून डॉक्टर ॲन मॅकी आणि त्यांचे सहकारीही हादरले. बॉब प्रोबर्ट हा जुन्या पिढीतला गाजलेला एन्फोर्सर 2010 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, त्याच्याही मेंदूत सीटीई होता. थोरल्याची अवस्था त्याच्याहून वाईट होती.

इथे एक सावधगिरी बाळगतो. चिडचिड, विसर, नैराश्य, आवेग न आवरणं ही लक्षणं सीटीईची असू शकतात, व्यसनाची असू शकतात, ताज्या कन्कशनची किंवा निव्वळ एकटेपणाचीही असू शकतात. त्याच्या शेवटच्या महिन्यांत कशाचा वाटा किती, हे कुणीही सांगू शकत नाही. सगळं सीटीईवर ढकललं की डॉक्टर आणि संघ मोकळे सुटतात. सगळं व्यसनावर ढकललं की लीग मोकळी सुटते. दोन्ही मला मान्य नाही.

त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, आणखी दोघं गेले. दोघंही एन्फोर्सर. एक 27 वर्षांचा, अनेक वर्षं नैराश्याशी झुंजत असलेला. दुसरा 35 वर्षांचा, नुकताच निवृत्त झालेला, हसतमुख म्हणून ओळखला जाणारा. सत्तावीस वर्षांच्या त्या मुलाच्या संघानं त्याला एकाहून जास्त वेळा लांब रजा दिली होती, सहकाऱ्यांनी घरी नेऊन ठेवलं होतं, नव्या संघानं सगळं माहीत असताना विश्वासानं करार केला होता. थोरल्याच्या बाबतीत जे झालं नाही ते बरंचसं तिथे झालं, आणि तरी तो वाचला नाही. म्हणून 'रजा दिली असती तर' असं मी छातीठोकपणे म्हणत नाही.

लीग आणि संघटनेनं कार्यक्रमाचा फेरआढावा घेऊ असं जाहीर केलं. लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी मात्र मारामारी आणि सीटीई यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, ही भूमिका पुढची अनेक वर्षं सोडली नाही. कुटुंबानं 2013 मध्ये लीगवर खटला भरला. 2017 मध्ये तो कायद्याच्या मुद्द्यांवर फेटाळला गेला. डोक्याच्या दुखापतींबद्दल माजी खेळाडूंनी भरलेल्या वेगळ्या दाव्यांत 2018 मध्ये तडजोड झाली: 318 खेळाडू, सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलर, आणि लीगकडून कुठल्याही चुकीची कबुली नाही.

2023 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 1967 ते 2022 या काळातले सहा हजारांवर एनएचएल खेळाडू तपासले. कारकिर्दीत पन्नास किंवा जास्त मारामाऱ्या केलेल्यांची तुलना त्यांच्यासारख्याच इतर खेळाडूंशी केली. मृत्यूंची संख्या दोन्हीकडे साधारण सारखीच निघाली, पण मारामारी करणारे सरासरी दहा वर्षं आधी गेलेले होते. कारणांत अमली औषधांचा अतिरेक, आत्महत्या, वाहनांचे अपघात आणि मेंदूचे आजार ठळक होते.

मारामाऱ्या मात्र कमी झाल्या. 2008-09 च्या सीझनमध्ये त्या सातशेच्या वर होत्या, दहा वर्षांत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आल्या. याचं श्रेय मी लीगच्या निर्णयाला देत नाही. खेळ वेगवान झाला, पगाराला कमाल मर्यादा आली, आणि पाच मिनिटांच्या माणसावर जागा घालवणं संघांना परवडेना. धाडस दाखवलं ते खालच्या ज्युनियर लीगनी. ओंटारियोच्या लीगनं 2012 मध्ये एका सीझनमध्ये दहा मारामाऱ्यांनंतर निलंबन सुरू केलं, आणि क्यूबेकच्या लीगनं 2023 पासून मारामारी करणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढायला सुरुवात केली. सोळा वर्षांच्या मुलाचं नाव राग पाहून लिहून घेण्याची जागा आता थोडी तरी आक्रसली आहे.

मदत मागण्याबद्दलचा संकोचही कमी झाला आहे. गोलरक्षक रॉबिन लेनर यानं 2018 मध्ये आपलं व्यसन आणि बायपोलर आजार स्वतःच्या शब्दांत लिहून जाहीर केला. 2019 मध्ये बॉबी रायन यानं दारूसाठी उपचार घेतले, आणि 2020 च्या फेब्रुवारीत परतल्यावर घरच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात तीन गोल केले. खोटी दुखापत सांगण्याची गरज या दोघांपैकी कुणालाच पडली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

शिबिरात इथे आवाज चढतात. एकदा एका कबड्डीच्या सरांनी उठून सांगितलं, "मी गोळी नाही दिली तर पोरगं दुसरीकडून आणतंय. निदान माझ्याकडून घेतलं तर मला कळतं तरी." त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. थोरल्यानंही शेवटी गोळ्या बाहेरूनच मिळवल्या. पण सरांच्या वाक्यातलं 'मला कळतं' हे महत्त्वाचं आहे. दहा डॉक्टरांपैकी एकालाही सगळं कळत नव्हतं.

माझ्या मते तीन जागी गाडी वळवता आली असती. पहिली, 2008-09 चा सीझन. संघाच्या आठ डॉक्टरांनी एकाच वहीत लिहिलं असतं, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच कुणाचातरी हात थबकला असता. याला पैसे लागत नाहीत. लागतो तो एक माणूस, ज्याच्या सहीशिवाय दुसऱ्याची चिठ्ठी चालणार नाही.

दुसरी, सप्टेंबर 2009. उपचार करणाऱ्यांचा अहवाल संघाकडे न जाता खेळाडूकडे आणि त्यानं निवडलेल्या घरच्या एका माणसाकडे जायला हवा होता. परत कधी खेळायचं हे संघाबाहेरच्या डॉक्टरनं ठरवायला हवं होतं. सीझन बुडाला असता, आणि कदाचित त्याची जागाही गेली असती. ही किंमत खरी आहे. तो स्वतःच या गोष्टीला तयार झाला असता का, याची मला शंका आहे. जागा जाण्याची भीती त्याला ठोशांहून मोठी होती. म्हणूनच हा निर्णय त्याच्या एकट्यावर सोडायला नको होता.

तिसरी, डिसेंबर 2010 नंतरचे चार महिने. जखमी माणसाला रोज सकाळी रिंकवर यायला लावायचं, व्यायामासाठी नाही, नुसतं बसायला. मालिशवाल्याशी बोलायला, उपकरणं सांभाळणाऱ्या पोरांबरोबर चहा प्यायला. अंधाऱ्या घरातला एकेक दिवस त्यामुळे कमी झाला असता. आपल्या तालमींमध्ये हे आपोआप होतं. हात मोडलेला पैलवानही संध्याकाळी येऊन माती उकरणाऱ्यांच्या शेजारी बसतो, आणि वस्ताद येता-जाता त्याच्याकडे एक नजर टाकतात.

शिबिराच्या शेवटी मी प्रत्येकाला एक कोरा कागद देतो आणि त्यावर आपल्या एका खेळाडूसाठी चार रकाने आखायला सांगतो: गोळी कुठली, कुणी दिली, किती, कशासाठी. बहुतेकांचा दुसरा रकाना भरता भरत नाही. मागच्या खेपेला एका तरुण फिजिओनं न सांगता पाचवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'पुढचा सामना कुणाशी आणि त्याच्या आदल्या रात्री किती झोपला'. तो कागद मी तिच्याकडून मागून घेतला. आता छापील नमुन्यात पाच रकाने आहेत.